कोपऱ्यातला बाण

सकाळी सहाची वेळ घ्या. सर्जापूर रोडवर तेव्हा गाड्यांची रांग अजून लागलेली नसते. पाण्याचे टँकर तेवढे सोसायट्यांच्या फाटकांशी येऊन उभे राहतात आणि त्यांच्या पंपांची घरघर पाचव्या मजल्यापर्यंत चढते. माझी गॅलरी थोडा वेळ तुमचीच समजा. खुर्ची कठड्याजवळ ओढा, बसा, हातात एक चेंडू घ्या. टेनिसचा, जुना, अंगावरची लव झिजून गुळगुळीत झालेला.

सोडवायचं काहीच नाही अजून. वही मिटलेली राहू द्या. चेंडू तळहातावर ठेवा, डोळे मिटा आणि तळहातालाच विचारा, याला कुठे जायचंय?

तळहात लगेच सांगेल. पण काय सांगतो ते नीट ऐका. तो ‘अधिक’ म्हणत नाही, ‘उणे’ म्हणत नाही. तो नुसता एका बाजूला दबलेला असतो, आणि ज्या बाजूला दबलाय त्या बाजूला आपण ‘खाली’ म्हणतो. पृथ्वीकडून आपल्याला मिळालं ते इतकंच: एक ओढ आणि तिची दिशा. चिन्ह तिने दिलेलं नाही. ते द्यायचं काम तिने आपल्यावर सोडलंय.

इथे घाई करू नका. बत्तीस वर्षं मी खान्देशात अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवलं, आणि मुक्त पतनाच्या धड्यात मुलं अडखळतात ती बहुतेक याच जागी. आकडेमोड त्यांना येत असते. अडतं ते आकडेमोडीच्या आधीच्या या क्षणाशी, कारण हा क्षण त्यांच्या वाट्याला येतच नाही. फळ्यावर पहिली ओळ पडते ती थेट सूत्राची, आणि सूत्रात अधिक किंवा उणे आधीच ठाण मांडून बसलेलं असतं.

लेकीकडे बंगळूरला राहायला आले तेव्हाही हे शिकवणं सुटलं नाही. खालच्या मजल्यावर नागपूरकडचं एक कुटुंब राहतं. त्यांची मुलगी अकरावीत आहे, मला आजी म्हणते. एका संध्याकाळी ती वही घेऊन आली. गणित नेहमीचंच होतं: १५ मीटर उंचीवरच्या गॅलरीतून चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर तो जमिनीवर किती वेळाने पडेल? गुरुत्व त्वरण, म्हणजे जी, १० धरा. तिने तीनदा सोडवून तीनदा खोडलं होतं. एका चिन्हाच्या जागी कागद खोडरबराने इतका झिजला होता की मागच्या पानावरची अक्षरं दिसत होती. म्हणाली, “आजी, जी कधी अधिक घ्यायचा आणि कधी उणे, ते मला एकदा सांगून टाका. मी पाठ करते.”

पाठ करते, हे शब्द मला लागले. हुशार मुलगी, आणि तिला वाटत होतं की हे कुठेतरी ठरलेलं आहे, मोठ्या माणसांना ते माहीत आहे आणि आपल्याला कोणी सांगितलेलं नाही. मी तिला वही मिटायला लावली आणि गॅलरीत आणून बसवलं. तिच्याबरोबर जे केलं तेच आता तुमच्याबरोबर करते. तिच्या वेळी अंधार पडत होता, आपल्याकडे सकाळ आहे.

वहीचं कोरं पान उघडा. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक लहानशी उभी रेघ काढा. नुसती रेघ, बाण नाही. टोक कुठल्या बाजूला काढायचं ते अजून ठरलेलं नाही. या बिनटोकाच्या रेघेकडे थोडा वेळ बघत राहा. चेंडूला जिच्यावरून चढायचंय आणि उतरायचंय ती हीच वाट आहे. टोक वर काढलंत तर वरची बाजू धन होईल आणि खालची ऋण. खाली काढलंत तर उलट. दोन्ही शक्य आहेत, दोन्ही चालतील. मनात कुठे तरी एक आवाज म्हणत असेल, वर म्हणजेच अधिक ना? त्या आवाजाशी भांडू नका. तो कुठून येतो ते बघा.

तो बराचसा भाषेतून येतो. मराठीत उणं म्हणजे कमी पडलेलं. उणीव, उणंदुणं काढणं, कशात उणं पडू न देणं. ‘उणे दहा’ म्हटलं की मुलाला वाटतं, काहीतरी दहाने बिघडलं. आणि खाली जाणं तर आपल्याकडे पडणंच असतं. पण शाळेच्या पुस्तकात आपण धन आणि ऋण म्हणतो, आणि हे शब्द फार जुने आहेत. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन आणि ऋण राशींच्या बेरजेचे, वजाबाकीचे, गुणाकाराचे नियम सांगितले. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. या जोडीवर मन थोडं स्थिर करा. तुमच्या बँकेच्या पासबुकात जी रक्कम जमा दिसते, तीच बँकेच्या हिशेबात देणं असते. रक्कम एकच, व्यवहार एकच. वही कोणाची, एवढ्याने चिन्ह फिरतं. ऋणात काही काळं नाही. ती फक्त समोरच्याच्या वहीतून पाहिलेली तीच रक्कम आहे. भास्कराचार्यांनी तर ऋण राशी लिहिण्याची रीत सांगितली ती तिच्या डोक्यावर एक टिंब देण्याची. मला हे टिंब फार आवडतं. आडव्या रेघेसारखं ते काही काढून घेत नाही, नुसती ओळख लावून ठेवतं.

आता आणखी एक गोष्ट ठरवायची आहे: शून्य कुठे? तुमच्या हाताशी ठेवा, किंवा खाली जमिनीवर ठेवा. सोसायटीच्या लिफ्टमध्ये शून्य तळमजल्यावर असतं आणि तळघरातली पार्किंग त्याच्या खाली मोजली जाते. नकाशा करणारा शून्य समुद्रसपाटीवर ठेवतो, म्हणून त्याच्या लेखी आपण आत्ता नऊशे मीटरच्या वर बसलो आहोत. चेंडूला या नऊशे मीटरचं काही देणंघेणं नाही. त्याला फक्त फरक कळतो, इथपासून तिथपर्यंतचा. या रस्त्यावर दोड्डकन्नेळ्ळीला विप्रोचं मुख्यालय आहे. इथली मुलं त्या कंपनीची गोष्ट इथूनच मोजतात. आम्ही खान्देशातले लोक अमळनेरपासून मोजतो, कारण १९४५ मध्ये ती तिथे वनस्पती तूप-तेलाची कंपनी म्हणून सुरू झाली. शून्य कुठे ठेवलं त्याप्रमाणे आकडे बदलतात, चाललेली वाट बदलत नाही.

आपण शून्य हाताशी ठेवू. म्हणजे जमीन १५ मीटरवर आली. आणि आता टोक काढा. पहिल्यांदा वर.

टोक काढलंत त्या क्षणी काय झालं ते जाणवू द्या. आत्तापर्यंत तुम्ही मोकळे होता, आता बांधले गेलात. हे बांधणं तुमचं तुम्ही केलंय. वर धन, म्हणून फेकण्याचा वेग अधिक १०. जमीन शून्याच्या खाली, म्हणून तिची जागा उणे १५. ओढ खालच्या बाजूला, म्हणून त्वरण उणे १०. जी नावाचा आकडा मात्र अजूनही धनच आहे, तो नेहमीच धन असतो. तो ओढीचं माप सांगतो. दिशा सांगायला त्याच्या आधी आपण उणे लावलं, आणि ते लावलं कोपऱ्यातला बाण बघून. (खरं माप बंगळूरला ९.७८च्या आसपास आहे. १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने प्रमाण म्हणून ठरवलं ते ९.८०६६५. आपण १० धरू, मन आकड्यांत गुंतायला नको.)

चेंडू सोडा. मनातच.

पहिल्या सेकंदाच्या शेवटी तो हातापासून अधिक ५ मीटरवर आहे आणि त्याचा वेग शून्य. दुसऱ्या सेकंदाच्या शेवटी तो पुन्हा हातासमोर, जागा शून्य, वेग उणे १०. तिसऱ्याच्या शेवटी जागा उणे १५, वेग उणे २०, आणि खालून टप्प्याचा आवाज.

आता मागे या. पहिल्या सेकंदाच्या शेवटाशी थांबा, या सगळ्यात तीच जागा मला सर्वांत बघण्यासारखी वाटते. चेंडू हातापासून पाच मीटर वर, जवळपास सातव्या मजल्याशी, आकाशावर एक ठिपका. तो थांबलाय का? मुलं हो म्हणतात, आणि मग म्हणतात, थांबलाय म्हणजे त्वरणही शून्य. आपणही क्षणभर असं मानून बघू. त्वरण शून्य म्हणजे वेग बदलणार नाही. वेग शून्य आहे आणि बदलणार नाही, तर चेंडू तिथेच राहील. सर्जापूर रोडवर सकाळभर एक चेंडू हवेत तरंगत राहील. तसं होत नाही, हे तुमच्या तळहाताला केव्हाच माहीत आहे.

म्हणून आणखी जवळ जा. शिखराच्या एक दशांश सेकंद आधी वेग होता अधिक १, म्हणजे चेंडू सेकंदाला मीटरभर वेगाने अजून चढत होता. एक दशांश सेकंदानंतर वेग आहे उणे १. दोन दशांश सेकंदांत वेग २ने घटला, म्हणजे सेकंदाला १०. चढताना तो याच दराने घटत होता, उतरतानाही याच दराने घटतोय. अधिक १० वरून शून्य, शून्यावरून उणे १०, तिथून उणे २०. एकच उतार, कुठेही सांधा नाही. शिखराशी काही बदलत असेल तर ते आपलं बोलणं: आधी आपण ‘चढतोय’ म्हणत होतो, आता ‘पडतोय’ म्हणतो. पृथ्वीच्या ओढीला या शब्दांतला फरक माहीत नाही. ती हात सुटल्यापासून एकच काम एकाच दिशेने करते आहे.

खालच्या मुलीने खोडलेल्या एका प्रयत्नात नेमकं इथेच चिन्ह फिरवलं होतं. तिचं म्हणणं असं, चढताना जी उणे, कारण वेग कमी होतो, आणि पडताना अधिक, कारण वेग वाढतो. हे तिला कोणी तरी शिकवलेलं होतं आणि ते वाईट मनाने शिकवलेलं नव्हतं. गणिताचे दोन तुकडे करून प्रत्येक तुकड्यात नवा बाण काढला तर ते चालतंही. पण तिने बाण काढलाच नव्हता. चिन्ह तिने दिशेला दिलं नव्हतं, कमी-जास्त होण्याला दिलं होतं. ऋण त्वरण म्हणजे गती मंदावणं असं तिच्या मनात बसलं होतं. आपल्या वर धरलेल्या बाणात दुसऱ्या आणि तिसऱ्या सेकंदाच्या मध्ये बघा: त्वरण ऋणच आहे आणि चेंडूची चाल वाढते आहे, १० वरून २०वर. वेग आणि त्वरण दोन्ही ऋण, दोघांची दिशा एक, म्हणून चाल वाढते. मंदावणं किंवा वाढणं हे या दोघांचं एकमेकांशी असलेलं नातं आहे. एकट्या त्वरणाच्या चिन्हात ते शोधून सापडायचं नाही.

आता बाण पुसा आणि टोक खाली काढा.

काहीतरी हलल्यासारखं वाटेल. वाटू द्या. आता फेकण्याचा वेग उणे १०, ओढ अधिक १०, जमीन अधिक १५. चेंडू सोडा. एका सेकंदाला जागा उणे ५, वेग शून्य. दोन सेकंदांना जागा शून्य, वेग अधिक १०. तीन सेकंदांना अधिक १५, वेग अधिक २०, आणि खालून टप्प्याचा तोच आवाज, त्याच वेळी. तुमच्या पानावरचं प्रत्येक चिन्ह उलटलं आणि चेंडूला पत्ताही लागला नाही.

कागदावर मांडून बघायचं असेल तर सेकंदांना ट म्हणू. पहिल्या बाणात

−१५ = १० × ट − ५ × ट × ट

दुसऱ्या बाणात

१५ = −१० × ट + ५ × ट × ट

दोन्ही ओळी एकमेकींवर ठेवा. एकीला उणे एकने गुणलं की दुसरी. दोन्हींतून एकच समीकरण निघतं, ट × ट − २ × ट − ३ = ०, आणि त्याची दोन उत्तरं येतात. एक ३. दुसरं उणे १.

उणे १चं काय करायचं? वर्गात आपण म्हणतो, वेळ ऋण नसते, सोडून द्या. मीही बत्तीस वर्षांतली पहिली बरीच वर्षं असंच म्हटलं. आणि हे सोडून देणंही जुनं आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ स्थापन केला, असं तो सांगतो. मुलांना सहलीला नेलं की मी त्या देवळाच्या आवारात त्यांना भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तलं माकडांचं गणित घालायची. टोळीच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करा, उरलेल्याचा वर्ग करा, तितकी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय. टोळी केवढी? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. भास्कराचार्य ५ बाजूला ठेवतात, कारण पाचाचा पाचवा हिस्सा एक, आणि एकातून तीन गेले तर माकडं उणे दोन. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असं कारण ते देतात. मला हे कारण मनापासून पटतं. त्यांनी उत्तर चुकीचं आहे असं म्हटलं नाही. गणित ते उत्तर देतंय हे मान्य केलं आणि मग विचारलं, या ठिकाणी त्याचा अर्थ लागतो का?

तोच प्रश्न आपण उणे एक सेकंदाला विचारू. डोळे मिटा. चेंडू तुमच्या हातातून सुटला तो क्षण शून्य. त्याच्या एक सेकंद मागे जा. समजा चेंडू तुमच्या हातात नव्हताच. समजा खाली बागेत कोणीतरी उभं होतं आणि त्याने जमिनीपासून सेकंदाला २० मीटर वेगाने चेंडू वर मारला. एका सेकंदात तो १५ मीटर चढेल, त्याचा वेग १० उरेल, आणि बरोबर तुमच्या कठड्यासमोरून तो वर जाईल. तिथून पुढे तो चेंडू आणि तुमचा चेंडू यांत काडीचा फरक नाही. समीकरणाला हात माहीत नव्हता, गॅलरी माहीत नव्हती. आपण त्याला एवढंच सांगितलं होतं की या क्षणी चेंडू इथे आहे आणि असा चाललाय. त्याने पुढचं सांगितलं आणि न विचारता मागचंही सांगितलं: हा चेंडू जमिनीवर असेल तो तीन सेकंदांनी, आणि जमिनीवर असता तो एक सेकंद आधी. माकडांच्या गणितात ऋणाला अर्थ नव्हता, इथे आहे. म्हणून मी आता वर्गात असते तर ते उत्तर खोडायला लावलं नसतं. थोडा वेळ त्याच्याजवळ बसवलं असतं.

त्या संध्याकाळी तीनदा खोडल्यावर मुलीने पुन्हा मांडलं, तेव्हा उत्तर आलं १ सेकंद. पुस्तकात ३. ती ते खोडायला निघाली तेव्हा मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “थांब गं. हे उत्तर कोणत्या प्रश्नाचं आहे ते तरी बघू.” तिने लिहिलं होतं, १५ = १० × ट + ५ × ट × ट. अंतर अधिक, वेग अधिक, त्वरण अधिक. तिघांची दिशा एक. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “आजी, मी चेंडू खाली फेकला.”

तिने खरोखरच तो खाली फेकला होता. गॅलरीतून १०च्या वेगाने चेंडू खाली भिरकावला तर तो बरोबर एका सेकंदात जमिनीला लागतो. तिच्या ओळीचं दुसरं उत्तर उणे ३ येतं. आपली उत्तरं होती ३ आणि उणे १, तिची १ आणि उणे ३. जणू तोच चित्रपट उलटा चालवला. चिन्ह चुकलं की उत्तर निरर्थक होतं असं आपण समजतो. कितीदा तरी ते दुसऱ्याच कोणाच्या प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर असतं. आणखी एक चूक मुद्दाम करून बघा. बाण वर, वेग अधिक १०, जमीन उणे १५, पण त्वरण चुकून अधिक १०. समीकरण होईल ट × ट + २ × ट + ३ = ०, आणि याला वास्तव उत्तरच नाही. पृथ्वी वरच्या दिशेला ओढत असती तर चेंडू जमिनीवर कधी आला असता, असं आपण विचारलं. समीकरणाने सांगितलं, कधीच नाही. इतकं सरळ उत्तर ऐकल्यावर त्या ओळीवर रागवावंसं वाटत नाही.

श्वास संथ होऊ द्या. पंप बंद झाला असेल, टँकर गेला असेल.

या रस्त्याच्या दुतर्फा इतके संगणकवाले राहतात की कोणत्याही मजल्यावर थाप मारा, दारात त्यांच्यापैकीच कोणी उभं असतं. माझी लेक त्यातलीच. मुलीच्या गणिताचं तिला सांगितलं तेव्हा तिने जेवणाच्या टेबलावर दोन फोन पालथे न घालता सरळ, काच वर करून ठेवले, एक अँड्रॉइड, एक आयफोन, आणि दोघांतल्या त्वरण मोजणाऱ्या यंत्राचे आकडे पडद्यावर आणले. काचेतून वर निघणाऱ्या अक्षावर अँड्रॉइड दाखवत होता अधिक ९.८च्या जवळ. आयफोन दाखवत होता उणे १च्या जवळ, कारण तो जीच्या पटीत मोजतो. त्याच टेबलावर, शेजारी शेजारी, दोघेही निश्चल, आणि एकाचं चिन्ह अधिक, एकाचं उणे. दोघांनीही मोजलं ते टेबल फोनला वर उचलून धरतं तेच, फक्त एकाने ते अधिक धरलं, दुसऱ्याने उणे. दोन्ही खरं. दोन्ही फोनांवर चालेल असं काही लिहायचं तर आधी या चिन्हांची गाठ घालावी लागते, असं ती म्हणाली. मग तिने पलंगावर गादीच्या वर हातभर उंचीवरून एकेक फोन सोडला. त्या निमिषभरात दोघांचेही आकडे शून्याकडे गेले. पडताना दोघांत भांडण उरलं नाही. तिच्या पडद्यावरच्या चित्रांचं शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात असतं आणि खालची बाजू अधिक. तिच्या पिढीने खेळांतले चेंडू पाडताना खाली धन हे इतक्या वेळा लिहिलंय की ‘वर म्हणजेच अधिक’ हा माझा जुना आवाज तिच्या कानात नाहीच.

आपल्याकडे रेल्वेनेही हे केव्हाच करून ठेवलंय. मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि मुंबईहून निघालेली डाउन. म्हणून कर्जतहून बोरघाट धापा टाकत चढणारी पुण्याची गाडी ‘डाउन’ असते, आणि तोच घाट उतरणारी ‘अप’. लोणावळ्याच्या फलाटावर लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं की हे उलटं का. ते म्हणाले, “उलटं नाही, त्यांनी तसं धरलंय.” त्यांना पदार्थविज्ञान येत नव्हतं, टपाल खात्यात कारकून होते.

आता उठा. चेंडू खुर्चीवर राहू द्या. आपण कैकोंद्रहळ्ळीच्या तळ्यावर जाऊ, ते याच रस्त्याला लागून आहे. आजूबाजूच्या रहिवाशांनी पाठपुरावा केला, महापालिका बरोबर आली, आणि आता काठाने चालायला पायवाट आहे. सकाळी तिथे म्हातारी माणसं फिरत असतात, मीही जाते. वारा नसला की समोरच्या इमारती पाण्यात उलट्या उभ्या दिसतात.

१११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. त्याच्या गोलाध्यायात त्यांनी हा पाण्याचा दाखला घेतला आहे. पृथ्वीवर जो जिथे उभा आहे तो पृथ्वीला आपल्या पायाखाली आणि स्वतःला तिच्यावर समजतो. पलीकडच्या बाजूची माणसं आपल्या हिशेबाने डोकं खाली करून उभी असतात, तळ्याच्या काठी उभ्या माणसाच्या पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी. आणि तरी ती तिथे आपल्यासारखीच निर्धास्त उभी आहेत. त्याच भागात ते म्हणतात की पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि आपल्याला वाटतं ती वस्तू पडली. मग पृथ्वी स्वतः कुठे पडणार? तिच्या सगळ्या बाजूंना आकाश सारखंच आहे.

काठावर उभे राहा. पाण्यात तुमच्या पायांना पाय लावून एक माणूस उभा आहे, डोकं खाली. त्याच्या वहीच्या कोपऱ्यातला बाण तुमच्या बाणाच्या उलट आहे. पायवाटेवरचा एक लहान खडा उचला, अगदी बोराच्या बीएवढा, आणि सरळ वर उडवा, फार जोरात नको, पाण्यावर पडेल असा. खड्याकडे बघू नका, पाण्यात बघा. तिथे खडा आधी खाली खोल जातो, थांबल्यासारखा होतो, मग वर येऊ लागतो, वेग घेत घेत. तुमचा खाली येतोय, त्याचा वर येतोय, आणि पाण्याच्या कातडीवर दोघांची एकाच क्षणी गाठ पडते. लहानसा आवाज होतो. वर्तुळं सुटतात, काठाला येऊन लागतात.

परवा मुलगी पुन्हा आली. तिने न विचारता पानाच्या कोपऱ्यात एक रेघ काढली, पेन्सील तशीच धरून क्षणभर थांबली, आणि टोक खाली काढलं. म्हणाली, “आज खाली धन, आजी.” आणि वाकून लिहायला लागली.